अजून एक हात

आमच्या ह्यांना गॅरेजात सगळे 'अजूनएक' म्हणतात. गाडी कितीही चकाकू दे, हे दोन पावलं मागे जाणार, मान तिरकी करणार आणि म्हणणार, "अजून एक हात." मला बघायला आले तेव्हाही मान तिरकीच होती. मला वाटलं, काय हा लाजरा माणूस! लाजरा कसला, उजेड तपासत होता मेला.

ह्यांचं काम साध्या रंगाचं नाही. आधी गाडी काळीकुट्ट करायची, मग तिच्यावर पारदर्शक लाल रंगाचे हात चढवत जायचे. प्रत्येक हाताला लाल आणखी गडद होतो. एका भागाला सहा हात, तर सगळ्यांना सहाच. एखादा जास्त झाला तर तो पुसता येत नाही. म्हणून हे तोंडावरच्या मास्कमधून मोठमोठ्याने मोजतात आणि तेव्हा कोणी ब्र काढायचा नाही. मी तिथेच काचांना कागदाच्या पट्ट्या लावते. पंधरा वर्षं तोंड मिटून काम करतेय. माझ्या जिभेला हाड नाही, तिला ही केवढी शिक्षा!

यंदा मालकांनी गाडीवर रंगीत फिल्म चिकटवायचं यंत्र आणलं. "फिल्मला मोजावं लागत नाही, आणि मान वाकडी करणारा पेंटरही लागत नाही," असं ते ह्यांच्या देखत गिऱ्हाइकांना सांगायचे. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब मोठे आहेत. कशाने मोठे, ते कोणी विचारत नाही. त्यांची मागणी एवढीच: "गाडी साधी दिसली पाहिजे, पण दिसली पाहिजे."

"जमेल," हे म्हणाले.

"जमलं तर तुमची रंग मारायची खोली राहील," मालक म्हणाले. "नाही तर तुम्ही फिल्म चिकटवायला लागा."

रंगाशिवाय ह्या माणसाला दुसरं काही येत नाही हो. साधा खिळा ठोकायचा तर भिंत पाडतील.

दारं काढून घोडीवर वेगळी रंगवतात. डाव्या दाराला पाच हात झाले होते. मी खोलीच्या दाराशी कान देऊनच उभी होते, आणि मला नको तेव्हा आठवलं की उद्या नणंदेकडची माणसं जेवायला येणार. राहवलं नाही. "अहो, किती जण येणारेत?"

"चार," हे आतून म्हणाले.

झालं. मी माझ्या कामाला गेले.

दारं परत बसवली, आणि वरचं चकाकीचं लॅकर मारायच्या आधी साहेब बघायला आले. शेडमध्ये गाडी डांबरासारखी काळी. "ही तर काळीच आहे!" साहेब कडाडले. मालक लगेच म्हणाले, "मी ह्यांना सांगत होतो, फिल्म लावा." ह्यांनी गाडी उन्हात ढकलली.

आणि काय सांगू! फुंकर मारल्यावर निखारा फुलावा तशी ती आतून लाल झाली. साहेब हरखले. "सावलीत साधी, उन्हात खरी! सभेला गेलो की सावलीत लावायची!" मालक म्हणाले, "मी ह्यांना सांगत होतो, रंगच मारा." माझ्या जिवात जीव आला. खोली वाचली.

पण हे दोन पावलं मागे गेले. मान तिरकी झाली.

"डावं दार एक हात जास्त आहे," हे म्हणाले.

अरे देवा! कोणी विचारलं होतं का? साहेबांनी दार जवळून पाहिलं, वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. काही दिसेना, पण दिसत नाही म्हणायचं कसं? "हो हो, मला आल्या आल्याच खटकलं होतं." मालकही म्हणाले, "मला तर कालपासूनच खटकतंय."

"चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार माणसं! पाच झाले होते, तोंडातून चार निघालं आणि पुढे हे पुन्हा पाच, सहा मोजत गेले. मी तोंड उघडलं, पण हे आधी बोलले. "मोजणी माझी. चूक माझी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तिथल्या तिथे रडू कोसळलं.

मालकांनी निकाल दिला, "डावं दार सोडून सगळ्याला एक हात मारा. तो शेवटचा. मग खोलीत यंत्र बसेल."

हे मास्क चढवून आत गेले. मी बाहेर पट्ट्या घेऊन उभी होते. खोलीचं दार किलकिलं झालं.

"आत ये," हे म्हणाले. "आज तू मोज."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत बोलायची परवानगी मिळाली. पिचकारीचा फवारा सुरू झाला, छतावरून बॉनेटवर, बॉनेटवरून उजव्या दारावर, सावकाश, कुठेही न थांबता. मोजायला होतं काय? एकच तर हात, तोही मालकांच्या लेखी शेवटचा. तरी मी घसा खाकरला आणि बाहेर मालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "एक."