यमुनेच्या बांगड्या

“हात सैल सोडा, सूनबाई,” मी म्हटलं.

हे वाक्य मी दिवसभरात इतक्यांदा म्हणते की झोपेतही म्हणत असेन. बाई हात ताठ धरते, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडते, मग बाई ओरडते आणि नाव खराब होतं कासारणीचं.

पण यमुनेनं हात ताठ धरलाच नव्हता. तिचं मनगट सुजलं होतं. आतल्या बाजूला, वैद्य नाडी बघतात तिथं, काच रुतल्याच्या खुणा होत्या. काही जुन्या, काही अजून ओल्या. आणि महिन्याभरात मला त्या घरचं बोलावणं तिसऱ्यांदा आलं होतं.

घर शनिवार पेठेतलं. पेशव्यांच्या वाड्यावरचा नगारा थेट त्यांच्या माजघरात ऐकू यायचा. घरात दोन जावा. थोरल्यांना सगळे आक्का म्हणत, आणि आक्कांच्या शब्दाशिवाय त्या घरात चूल पेटत नसे. धाकट्या उमाकाकू. यमुना ही उमाकाकूंची सून. तिचा नवरा पेशव्यांच्या फडावर, दफ्तरात, कारकून होता आणि त्या वेळी लष्कराबरोबर मोहिमेवर गेला होता.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. सवाष्णीच्या हातातली काच फुटणं म्हणजे नवऱ्याच्या आयुष्याला अपशकुन, असं लोक मानतात. त्यात नवरा मोहिमेवर असला तर बघायलाच नको. घरातल्या बायका स्वतःच्या जिवापेक्षा बांगडीला जास्त जपतात.

“एवढ्या कशा वाढतात हो?” मी उमाकाकूंना विचारलं.

“रागीट आहे,” त्या म्हणाल्या. “राग आला की भिंतीवर हात आपटते.”

यमुना खाली मान घालून बसली होती. मला काही ते पटलं नाही. भिंतीवर हात आपटला तर काच मनगटाच्या पाठीवर लागते. ही आतून रुतली होती, कुणीतरी मुठीत गच्च आवळल्यासारखी. पण कासारणीनं बांगडी भरावी, तोंड चालवू नये. मी पुढची बांगडी उचलली.

तेवढ्यात यमुनेनं कोपऱ्याकडं पाहिलं, तिथून कुणी हाक मारावी तसं. तिचा हात माझ्या हातात एकाएकी लाकडासारखा झाला. घशातून एक विचित्र आवाज आला आणि ती आडवी पडली. सगळं अंग झटके देऊ लागलं.

उमाकाकूंनी आधी दाराला कडी घातली. मग धावत येऊन तिची दोन्ही मनगटं गच्च धरली.

“बांगड्या! अहो, बघता काय, धरा! बांगड्या वाढतील!”

मी हात लावायच्या आतच कडकन आवाज झाला. हिरव्या काचा खाली आणि त्यावर रक्ताचे थेंब. उमाकाकू तरीही धरूनच होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

थोड्या वेळानं अंग आपोआप शांत झालं. यमुनेचा श्वास घरघरत होता. मी पदरानं तिचं तोंड पुसलं, डोकं मांडीवर घेतलं. उमाकाकू भिंतीला टेकून बसल्या.

“फेफरं आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “लग्न झाल्यावर मला कळलं. आक्कांना ठाऊक नाही. कळलं तर दुसऱ्या दिवशी माहेरी पाठवतील आणि माझ्या मुलाचं दुसरं लग्न लावतील. म्हणून रागीट आहे म्हणून सांगते. रागीट सून खपते हो घरात. फेफऱ्याची कोण ठेवतो?”

इतके दिवस मी त्या बाईला कजाग सासू समजत होते. सुनेला नावं ठेवून ठेवून तिनं सुनेला घरात ठेवली होती!

“पण एवढं कशासाठी?” मी विचारलं. विचारायला नको होतं खरं.

“पहाटे आम्ही दोघी दळायला बसतो,” उमाकाकू म्हणाल्या. “ती ओव्या म्हणते. मुलगा जन्मला माझ्या पोटी, पण मी जेवले का, झोपले का, हे ओवीत घालून मला विचारणारी हीच.” आणि त्यांनी नाक पुसलं.

यमुनेनं डोळे उघडले. आधी तिला काही उमजेना. मग सासूकडं पाहिलं, काचा पाहिल्या आणि तिचा चेहरा पडला.

“परत वाढल्या?”

“वाढू देत,” मी म्हटलं. “पोरी, माहेरीही व्हायचं ना हे? तेव्हा आई काय करायची?”

सासूसमोर माहेरचं कसं सांगावं? मी पुन्हा विचारलं तेव्हा कुठं म्हणाली, “आई काही करायची नाही. आजूबाजूचं सामान बाजूला करायची. मला कुशीवर वळवायची, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायची. आणि शेजारी बसून राहायची. थांबतं आपलं आपण.”

“हात नाही धरायची?”

“नाही. हात मोकळे असले की काही लागत नाही. धरले की दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत.”

उमाकाकूंनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. “अगं, मग बोलली का नाहीस मला?”

“कसं बोलायचं?” यमुना म्हणाली. “सासूबाईंना, माझा हात सोडा म्हणून?”

आक्कांना पत्ता लागू न देता वैद्यांना, मांत्रिकांना विचारून झालं होतं. वैद्यबुवांचं ब्राह्मीचं तूप रोज चालू होतं. जिला होतं तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी तिला एक माप मोठ्या बांगड्या भरल्या, मनगटावर सैल फिरतील अशा. माझ्याच्यानं होण्याजोगं तेवढंच होतं.

पुढं चैत्रातलं हळदीकुंकू आलं. आक्कांचं हळदीकुंकू म्हणजे निम्मी पेठ लोटायची. माजघरात गौर मांडलेली, पन्ह्याची घागर भरलेली. आलेल्या सवाष्णींना बांगड्या भरायला मला दाराशी बसवलं होतं. यमुना पाट्यावर आंब्याची डाळ वाटत होती. गेले दोन-तीन दिवस तिची झोप नीट झाली नव्हती, कामाची घाई. उमाकाकूंची नजर तिच्यावरून हलत नव्हती, आणि माझी उमाकाकूंवरून.

यमुनेनं कोपऱ्याकडं पाहिलं, आणि मी समजले.

डाळीचं पातेलं घरंगळत गेलं. यमुना सगळ्या बायकांच्या मधोमध पडली. एकच कल्ला झाला. दोघीतिघी धावल्या आणि त्यांनी तिचे हात धरले. बांगड्याच वाचवायच्या होत्या त्यांनाही, दुसरं काय!

तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, “अगं, देवी आली अंगात! गौरीपुढं आली! कुंकू आणा, ओटी भरा!”

सगळ्यांचे हात जोडले गेले. ज्यांनी धरलं होतं त्यांनीही तिला सोडून तिच्या पायांना हात लावले.

मी उमाकाकूंकडं पाहिलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, बाई, गप्प बसा आता. सुटलात तुम्ही. देवी म्हणाल तर आक्कासुद्धा पाया पडतील. कोण पाठवतंय मग हिला माहेरी?

उमाकाकूंच्या मनातही तेच आलं असणार. क्षणभर त्या उभ्याच राहिल्या. पण मग तिथं कुणीतरी यमुनेचे झटकणारे खांदे धरून विचारायला लागलं, “आई, माझ्या लेकाला मूल होईल का? बोल आई, बोल!” आणि तिला हलवायला लागलं.

“सोडा तिला,” उमाकाकू म्हणाल्या. मग मोठ्यांदा, “सोडा म्हणते ना! देवी नाही. फेफरं आहे. आत्ता थांबेल.”

बायका मागं सरकल्या. उमाकाकूंनी पाटा बाजूला ओढला, यमुनेला कुशीवर वळवलं, आपल्या अंगावरची शाल तिच्या डोक्याखाली घातली आणि शेजारी मांडी घालून बसल्या. हात आपल्या मांडीत. एकात एक गुंतवून घट्ट आवळलेले, पण स्वतःचेच.

आक्का पुढं आल्या. “फेफरं? मग बघता काय? बाहेरचा जोडा आणा कुणीतरी, हुंगवा तिला.”

“राहू द्या, आक्का,” उमाकाकू वर न बघता म्हणाल्या. “जोडा पायातच बरा.”

आक्कांना असं कुणी आजवर बोललं नव्हतं. काही बायका पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघू लागल्या.

अंग शांत झालं. यमुनेनं डोळे उघडले आणि सवयीनं पहिल्यांदा मनगटं पाहिली. बांगड्या सगळ्या शाबूत होत्या. मग तिनं भोवतीची गर्दी पाहिली आणि रडायला लागली.

“रडतेस कशाला?” उमाकाकू म्हणाल्या. “मी इथंच आहे. डाळ मात्र गेली.”

बायका गेल्यावर आक्कांनी विषय काढलाच. “लपवलंत माझ्यापासून. उद्या तिला माहेरी पोचवायची.”

“लपवलं, ते चुकलं,” उमाकाकू म्हणाल्या. “पोचवायची तर दोघींना पोचवा. तिला एकटीला प्रवासात पाठवणं बरं नाही.”

आक्कांनी उमाकाकूंकडं पाहिलं, यमुनेकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “कासारीणबाई, तुम्ही काय बघत बसलात? आवरा तुमचं.” मी निमूट पेटी आवरली. दोघींपैकी कुणालाच कुणी पोचवलं नाही.

नवरा मोहिमेवरून सुखरूप परतला. त्यालाही आईनंच शिकवलं, काय करायचं आणि काय नाही. यमुनेचं फेफरं गेलं नाही. कधी महिने महिने यायचं नाही, कधी लागोपाठ यायचं. चुलीशी तिला एकटीला बसू देत नसत, हौदावर पाणी भरायला कुणी ना कुणी बरोबर असे. बाकी ती चार सुनांसारखी नांदली. दोन मुलं झाली. पहाटेच्या ओव्या चालूच राहिल्या, आणि पुढं पुढं तर आक्काही उठून जात्याशी येऊन बसायच्या म्हणे, दळणाला हातभार लावायच्या निमित्तानं.

माझं म्हणाल तर नुकसानच झालं. जे घर महिन्यातून तीनदा बोलवायचं ते सणावारालाच बोलवू लागलं. आपल्या हातानं आपलं गिऱ्हाईक घालवायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत.

आता माझाच हात थरथरतो. गेल्या संक्रांतीला यमुनेच्या घरी गेले होते. उमाकाकू आता नाहीत. यमुनेच्या केसांत पांढरं दिसू लागलंय. तिच्या सुनेचा हात हातात घेतला आणि माझी बोटं अशी कापायला लागली की बांगडी खाली पडली. वाढली नाही, नशीब. मी लाजेनं हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं गच्च आवळून धरला.

यमुना उठून माझ्याशेजारी येऊन बसली. पडलेली बांगडी उचलून माझ्यापुढं ठेवली.

“हात सैल सोडा, कासारीणबाई,” ती म्हणाली. “थरथरतो तर थरथरू दे. आम्हाला कुठं जायचंय?”