कुक्कुटपालनातलं तत्त्वज्ञान

"मॅडम, मराठीत या विषयावर काहीच नाही, एवढं लिहून द्या," शबाना माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "शिक्का मारून."

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात रेफरन्स डेस्कला बसते. वाचक प्रश्न घेऊन येतो, मी त्याला पुस्तकापर्यंत पोचवते. 'नाही' लिहून देणं माझ्या कामात बसत नाही. स्वभावात तर नाहीच.

"कोणाला हवंय हे?"

"माझ्या गाईडना, आपटे सरांना. म्हणाले, मराठीत कीर्तनं आहेत, तत्त्वज्ञान नाही. शुक्रवारी कमिटी आहे. तोपर्यंत मूळ साधनं दाखवा, नाहीतर ती नाहीत असं ग्रंथालयाकडून लिहून आणा आणि विषय बदला. एखादा जर्मन घ्या."

शबाना खराडीत आयटीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. माणूस स्वतःच्या इच्छेने वागतो की सगळं आधीच ठरलेलं असतं, यावर जुन्या मराठी लेखकांनी काय वाद घातले, हा तिचा विषय.

"आमच्याकडे रोज जेवताना हाच वाद," ती म्हणाली. "अम्मी म्हणते नशीब, अब्बा म्हणतात आळस. मला जर्मन नकोय, मॅडम."

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरात वाढले. खडकीच्या क्वार्टर्समध्ये आमच्याकडे सोफा नव्हता, पुस्तिकांचे गठ्ठे होते. पाहुणे त्यांवर बसत आणि भांडत. मराठी माणसाने विचारांचा वाद घातलाच नाही, हे मला कुणी सांगू नये.

तिने ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, 'इच्छास्वातंत्र्य' टाकून पाहिलं होतं. उत्तर शून्य.

"हा शब्द आपला, आजचा झाला," मी म्हटलं. "ते लोक काय म्हणत असतील?"

"दैव? प्रारब्ध?"

टाकलं. ढीगभर ज्योतिष आलं.

"साडेसातीची सोय चांगली आहे तुमच्याकडे," शबाना म्हणाली.

मग उलट्या वाटेने निघालो. नव्या पुस्तकांच्या तळटीपा वाचायच्या आणि लेखकाने माल कुठून आणला ते बघायचं. एका जाडजूड ग्रंथाच्या तळटीपेत नाव मिळालं: 'दैववाद्यांस सडेतोड उत्तर', पुस्तिका. पुढे पुस्तकं भेट देणाऱ्या एका देणगीदाराचं नाव आणि ठिकाण. ठिकाण आमचंच ग्रंथालय! सूचीत मात्र अशी पुस्तिका नव्हती.

"हरवली?"

"नाही. पातळ असणार."

पातळ पुस्तिका शेल्फवर उभी राहत नाही. वाकते, मग दोन जाड पुस्तकांच्या मध्ये गडप होते. म्हणून पूर्वी एका देणगीतल्या पुस्तिका एकत्र शिवून एकच बाइंडिंग करायचे. इथवर ठीक. पण सूचीत नाव फक्त सगळ्यात वरच्या पुस्तिकेचं चढवायचे. बाकीच्या आत, बेनाम.

"मग शोधायचं काय?"

"विषय छोटा आणि पानं उगाच जास्त, असं काहीतरी."

त्या देणगीतल्या नोंदी काढल्या. बऱ्याच साध्या होत्या. एक होती 'सुलभ कुक्कुटपालन'. पानं चारशेच्या वर.

"कोंबड्यांवर एवढं?" शबाना म्हणाली. "आणि वर सुलभ?"

शेतीच्या कपाटातून तो ठोकळा काढला. सुरुवातीला अंडी, खुराडं, रोग. कोंबड्या संपल्या आणि लगेच 'दैववाद्यांस सडेतोड उत्तर' सुरू. त्यामागे त्या उत्तराला उत्तर. त्यामागे 'सडेतोडपणाचा समाचार', आणि पुढे आणखी. शबाना उभ्या उभ्या वाचू लागली आणि हसू लागली.

"हा विचारतोय, सगळं आधीच ठरलंय तर माझं मत बदलायला पुस्तिका कशाला छापलीत?"

"दुसरा काय म्हणतो?"

"छापणंही ठरलेलंच होतं म्हणतो!"

गुरुवारी आपटे सर स्वतः आले. त्यांनी पहिलं पान उघडलं.

"कमिटीपुढे कोंबड्या ठेवणार आपण?"

"पुढचं वाचा, सर."

वाचलं. चेहरा आंबट झाला. "यात एकमेकांना बैल म्हटलंय. हे तत्त्वज्ञान?"

मला राहवलं नाही. "सर, शिवी बाजूला काढा आणि खाली युक्तिवाद उरतो का ते बघा. इस्त्रीचे कपडे घालून आलेला विचारच तेवढा आत घ्यायचा का? दिवसभर राबून रात्री हे वाचणारा माणूस विचार करत नव्हता?"

"हळू. ग्रंथालय आहे," सर मला म्हणाले. मला!

पण खुर्ची ओढून बसले. बसले म्हणजे वाचणार. माणूस कुजका असेल, अप्रामाणिक नाही. थोड्या वेळाने त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हा दैववाला इथे घसरलाय. एखाद्या गोष्टीला कारण असणं आणि तिची सक्ती असणं, यांत त्याने गल्लत केलीय."

"सर, हाच आक्षेप वादातल्या चौथ्या पुस्तिकेत आहे," शबाना म्हणाली. "पुढे उलटा."

सरांनी उलटलं. दोन्ही पानं ताडून पाहिली. शबाना खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

"मी शिकवतो त्यापेक्षा बरं मांडलंय," ते अखेर म्हणाले. "बैल सोडून."

शुक्रवारी विषय मंजूर झाला. कमिटीच्या शेऱ्यात 'नव्याने उपलब्ध झालेली साधने' असं लिहिलंय. साधनं आमच्याकडे शबानाच्या जन्माआधीपासून उपलब्ध आहेत. मी आता त्या बाइंडिंगमधल्या प्रत्येक पुस्तिकेची स्वतंत्र नोंद केलीय आणि शेतीच्या कपाटातले बाकीचे जाड ठोकळेही उघडून बघतेय.

ग्रंथालयात 'नाही' आणि 'नोंद नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध करायची तर सगळी कपाटं उघडावी लागतात. म्हणून विद्वान लोक दुसरीवर भागवतात.