जुली कोणाकडे राहणार?

कुत्र्याचे केस पँटला चिकटतात ना, तसे हे किस्से. कितीही झटका, घरी येतातच. त्यात कुत्री चार प्रकारची आणि मालक रिटायर्ड असले, तर विचारूच नका!

मी दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं. तेव्हापासून अमरावतीत रोज सकाळी कॉलनीतल्या कुत्र्यांबरोबर तलावापर्यंत चालतो. बाबा म्हणतात, "पोरगं वाया गेलं." असेल. पण थंडीत तलावावर धुकं उतरतं, कुत्री त्यात शिरतात आणि नुसत्या शेपट्या तरंगताना दिसतात, तेव्हा वाया गेल्याचं मला काहीच वाटत नाही.

यंदा त्या धुक्यात एक प्रश्न होता. तायडे काकूंना त्यांचा मुलगा पुण्याला नेणार होता. त्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही. मग त्यांची म्हातारी लॅब्राडोर, जुली, राहणार कोणाकडे? मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "तुले आन् तुया कुत्र्याले पोसून राहिलो, तेवढं पुरे!"

*

गावंडे सर रिटायर्ड प्राचार्य. आमच्या उन्हात हस्की पाळतात! त्या ब्रुनोसाठी खोलीत एसी. सर आणि ब्रुनो आत झोपतात. त्यांची बायको हॉलमध्ये, कूलरसमोर.

मी विचारलं, "सर, काकूले गरम नाई होत का?"

सर शांतपणे म्हणाले, "ती इथलीच आहे ना रे!"

आणि जुलीला ठेवायचं म्हटलं, तर यांच्या बंगल्यात जागा नाही.

*

राऊत साहेबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हणून ते रोज येतात. स्कूटीवर! पायाशी त्यांचा पग, टायसन. आम्ही चालतो, ते मागून हळूहळू फुर्रफुर्र करत येतात.

"साहेब, टायसनले तरी उतरवा."

"अबे, त्याले दम लागते."

"मग तुमी उतरा!"

"मी उतरलो तर गाडी कोन चालवन?"

जुलीला ठेवायला ते तयार होते म्हणे. "पन टायसनच्या मनाले लागन ना बे."

टायसन घोरत होता.

*

माझा काळ्या गावठी. बडनेरा स्टेशनवर सापडलेला. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारायच्या आधी त्याची ब्रीड विचारली.

"बडनेरा हाउंड," मी म्हटलं. "इंग्रजांच्या काळातली. आता दुर्मिळ आहे, सर."

सरांनी ते कॉलनीभर सांगितलं. काळ्याला सर आणि राऊत साहेब, दोघांच्या खिशातून बिस्किटं सुरू झाली. एक दिवस साहेब कानाशी आले, "एखांदं पिल्लू मिळन का बे?"

"प्लॅटफॉर्मवर जा. भरपूर हायेत."

बिस्किटं त्याच दिवशी बंद! काळ्या तोच होता.

*

एका सकाळी धुकं इतकं दाट, की चार पावलांपुढचं दिसेना. रस्त्यावरून शेंदूरजनाघाटचा संत्र्यांचा ट्रक गेला आणि मागे वास तसाच हवेत लटकून राहिला. जुली थांबली. नाक वर, डोळे मिटलेले. साहेबांनी स्कूटी बंद केली. सगळी कुत्री उभी, सगळी माणसं उभी.

"दिसत नाई तिले आता फारसं," काकू हळूच म्हणाल्या. "वास पुरते."

तेवढ्यात धुक्यातून सरांचा आवाज आला, "तायडे बाई, शेल्टरमध्ये चांगली सोय असते हो म्हाताऱ्या कुत्र्यांची."

मी म्हटलं, "तुमच्यासाठीबी पाहू का, सर?"

*

शेवटी मुलगा कार घेऊन थेट तलावावरच आला. काकूंची बॅग डिकीत.

"आई, झालं का नक्की? कोण ठेवतंय जुलीला?"

सर ब्रुनोचा पट्टा नीट करू लागले. साहेब स्कूटीच्या आरशात बघू लागले. मी माझ्या बुटांकडे.

काकू दगडावर बसल्या. जुलीनं त्यांच्या पायावर डोकं टेकवलं. बराच वेळ दोघी पाण्याकडे तोंड करून होत्या. पाणी कुठे आहे, ते धुक्यात कोणालाच दिसत नव्हतं.

मग काकू म्हणाल्या, "बॅग काढ बापा. जुलीले पुण्याची हवा मानवत नाई."

"आई, काहीतरीच काय! जुली पुण्याला कधी आलीच नाही."

काकूंनी साखळी मनगटाला गुंडाळली आणि उठल्या.

"मी आली होती ना!"