चाळीचं पीठ

कोंबड्या आमचं पीठ खात होत्या.

मोठ्या बाईंच्या घरामागचं अंगण. फुटक्या परातीत पाण्यात कालवलेलं पीठ, आणि तिच्याभोवती कोंबड्यांची झुंबड. शेजारच्या दगडावर माझं फडकं पडलं होतं. कोरं मांजरपाट, नवऱ्याने कारखान्यातून आणलेलं, कोपऱ्यात मी लाल दोऱ्याने क्रूस भरलेला. हे पीठ त्याच फडक्यात बांधून मी दोन दिवसांपूर्वी बाईंच्या हातात दिलं होतं. नाही, हातात नाही. त्या म्हणाल्या होत्या, "तिथे खाली ठेव."

बाईंकडे धुणंभांडी करणारी चंद्रा कोंबड्यांना हाकत उभी होती. इथल्याच कामतघर गावची. मी तिला विचारलं, हे पीठ कुठलं?

"तुमच्या चाळीचं हाय," ती म्हणाली. "बाय बोलल्या, कोंबड्यांना घाल. मना काय ठावं न्हाय."

तिने खाली बघितलं. त्या घरात त्या दिवशी मान खाली घालणारी ती एकटीच निघाली.

आता हे पीठ काय होतं ते सांगते. आम्ही नगरकडची माणसं. महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली, आजोबांच्या वेळची. दुष्काळात गाव सोडलं आणि भिवंडीला लूमवर आलो. नवरा लूम चालवायचा, मी नारपोलीच्या एका कारखान्यात कांड्या भरायचे. म्हणजे बाण्याचं, आडव्या धाग्याचं, सूत छोट्या नळीवर गुंडाळायचं काम, दिवसभर. आमच्या चाळीत आमच्यासारखी बरीच घरं होती. रविवारी कुणाच्या तरी खोलीत बसून आम्ही उपासना करायचो. गावात मोठी मंडळी होती, दगडी चर्चची. ती दुसऱ्या मिशनची. त्यांचं त्यांच्याजवळ, आमचं आमच्याजवळ.

मग वरून ठरलं की आता सगळ्या मंडळ्या एक. दगडी चर्चचे पाळकसाहेब चाळीत आले, खाटेवर बसले, चहाही प्याले. म्हणाले, "प्रभू एक, शास्त्र एक, मग चुली दोन कशाला?" मला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगू, मी रडले.

ऐक्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर दोन्हीकडच्या पिठाची करायची, हेही त्यांनीच सुचवलं. आमच्यात जुनी रीत आहे. स्वयंपाकाला बसण्याआधी बाई मूठभर धान्य देवाच्या डब्यात टाकते. भुकेच्या दिवसांतसुद्धा टाकते. त्या महिन्यात चाळीतल्या प्रत्येक घराने गव्हाची मूठ टाकली. गहू रेशनवर कधी यायचा, कधी नाही. एरवी आम्ही मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकर खायचो. पोरं चपाती मागायची आणि आया म्हणायच्या, थांब, तो देवाचा गहू आहे. तो गहू मी गोळा केला, निवडला, धुऊन वाळवला, दळून आणला. हेच ते पीठ.

भाकर करायचा मान दगडी चर्चच्या मोठ्या बाईंच्या घराकडे होता. त्यांच्या सासूपासून. बाईंचे पणजोबा ब्राह्मण. ख्रिस्ती होऊन इतक्या पिढ्या झाल्या तरी बाई ते विसरल्या नव्हत्या आणि दुसऱ्यालाही विसरू देत नव्हत्या.

रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. पाळकसाहेबांनी मला मुद्दाम निवडलं. "चाळीतली बहीण वाचेल, म्हणजे ऐक्य दिसेल," असं त्यांनी कमिटीला सांगितलं, माझ्यादेखत. पौलाच्या पत्रातला तो भाकरीचा उतारा. माणसं पुष्कळ, पण एकाच भाकरीत वाटा, म्हणून सगळी एक अंग. मी तो घरी मोठ्याने वाचून वाचून पाठ केला होता. उपासनेआधी मला सांगितलं, बाईंकडून मेजावरचं वस्त्र घेऊन ये. मागच्या दाराने जा, पुढे पाहुणे आहेत. म्हणून मी मागच्या अंगणात गेले. नाहीतर मला जन्मात कळलं नसतं.

बाई दारात आल्या. अंगावर पांढरी रेशमी साडी. माझी नजर परातीवर आहे हे त्यांनी बघितलं. जराही गडबडल्या नाहीत.

"अगं, पीठ जाडं होतं. भाकर फाटते."

मी म्हणाले, "चाळून घ्यायचं होतं."

"तुझ्या केसांत बघ, अजून कापूस आहे. चाळीतली घरं, तिथली भांडी. आमच्यात म्हातारी माणसं आहेत. देवाला सगळं एकच गं. माणसाच्या पोटाचं तसं नसतं."

असं, समजूत काढल्यासारखं. आणि घडी घातलेलं वस्त्र त्यांनी पायरीवर ठेवलं. मी उचलायचं.

माझा हात पहिल्यांदा केसांकडे गेला. हे मला फार लागलं. बाई बोलल्या त्यापेक्षा हे लागलं, की मी खरंच कापूस चाचपून बघितला.

गावाकडे आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मी बघितलंय. पण ओतणारा म्हणत नव्हता की आपण एक आहोत. तो तोंडावर वैरी होता. इथे बहीण म्हणत होते. बहिणीचं पीठ कोंबड्यांना, आणि बहिणीने उभं राहून एका भाकरीचं वाचायचं. माझा आवाज त्यांना चालत होता. माझ्या हातचं चालत नव्हतं.

मी वस्त्र नेऊन दिलं आणि पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण डोळे घड्याळावर. मग म्हणाले, "बाई, आज नको. आज ऐक्याचा दिवस आहे."

उपासना सुरू झाली. चर्च भरलेलं. पुढच्या बाकांवर ते, मागच्या बाकांवर आम्ही. कुणी सांगितलं नव्हतं, आमचे आम्हीच मागे बसलो होतो. मेजावर पांढऱ्या वस्त्राखाली भाकर. माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, शास्त्र उघडलं. खूण घातलेली होती. अक्षरं दिसत होती, वाचता येत होती.

मी म्हणाले, "ही भाकर दोन्हीकडच्या पिठाची नाही. आमचं पीठ कोंबड्यांना घातलंय. मी हे वाचणार नाही."

शास्त्र मिटलं. नीट जागेवर ठेवलं, कारण माझं भांडण शास्त्राशी नव्हतं. आणि येऊन बसले. पण मागे नाही, पुढच्याच बाकावर, बाईंच्या शेजारी जागा होती तिथे. बाईंनी पदर आवरून घेतला.

पाळकसाहेबांनी कमिटीच्या सेक्रेटरींना खूण केली. त्यांनी तोच उतारा वाचला. स्वच्छ, खणखणीत. एक शब्द गाळला नाही. मग भाकर मोडली, थाळी फिरली. माझ्यापुढे आली तेव्हा मी हात मांडीवरच ठेवले.

मागे आमच्यातल्या कितीतरी जणांनी घेतली. माझ्या सासूनेही. घरी आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. तीच म्हणाली, "म्या प्रभूची भाकर खाल्ली, त्या बाईची न्हाई. तुला राग धरायचा तर धर. माझा घास नासवू नगंस." तिचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. पण तो घास माझ्या घशाखाली उतरला नसता, हेही तितकंच खरं.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब चाळीत आले. या वेळी चहा घेतला नाही. म्हणाले, कमिटीचा विचार आहे, तुमची उपासना इथेच भरवू. प्रभुभोजनही इथेच देऊ. तुमच्या शिफ्ट असतात, तुम्हाला तेच सोयीचं. लोकांच्या माना हलायला लागल्या. माझा नवराही म्हणाला, "बरं हाय की. कशाला त्यांच्या दारात जायचं?"

मला राग पाळकाचा आला नाही इतका त्या हलणाऱ्या मानांचा आला. अरे, हेच तर त्यांना हवं होतं. आपण चिडावं, उठावं, आपणहून दूर बसावं. म्हणजे त्यांची भाकर त्यांना, आणि वर नाव आपलं, की हेच फुटले.

मी म्हणाले, "साहेब, चुली दोन कशाला, हे तुम्हीच विचारलं होतं. आता वेगळी चूल मांडायची असेल तर बाईंनी मांडावी. आम्ही नाही मांडणार."

साहेब म्हणाले, "तू मंडळीत फूट पाडतेस."

"फूट अंगणात पडली होती," मी म्हणाले. "परातीत."

ते चपला घालून निघून गेले. त्या संध्याकाळी शेजारणी माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण सकाळी देवाच्या डब्यात गव्हाची मूठ पडली होती. कुणी टाकली ते मी विचारलं नाही. मग आणखी पडल्या. सगळ्या घरांच्या नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मी कामावर खाडा केला. पीठ त्याच फडक्यात बांधलं. फडकं चंद्राने धुऊन आणून दिलं होतं. बाईंच्या घरी गेले ते पुढच्या दाराने. कडी वाजवली. बाईंनी दार उघडलं, पीठ बघितलं, आणि दार लावायला हात घातला. मी उंबऱ्यावर पाय ठेवला.

"मळणार मी," मी म्हणाले. "तुमचं पीठ अर्धं, आमचं अर्धं, एका परातीत. आज नाही म्हणालात तर उद्या चर्चमध्ये मेजापुढे उभी राहीन. पुढच्या महिन्यात परत इथे येईन. भाकर दोघांच्या पिठाची होईल, नाहीतर त्या मेजावर भाकरच मोडली जाणार नाही."

दार माझ्या पायावर दाबलं जात होतं. मी पाय काढला नाही.