नऊ माणसांच्या घरात दोन सीटांची गाडी

माझ्या धाकट्या दिराइतका डोक्यावर पडलेला माणूस अख्ख्या सुरतेत नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. घरात आम्ही नऊ माणसं, आणि या बाबानं गाडी घेतली ती दोन सीटांची! बॅटरीवर चालणारी, कपाट आडवं केलं तर जेवढं होईल तेवढीच. त्याआधी वर्षभर हा दुकानात जाऊन तिची दारं उघडून-मिटून बघत होता. आता गोडादऱ्याच्या आमच्या बोळात ती उभी राहिली, तर कापडाच्या लूमवरची माणसं पाळी सुटली की आधी तिच्याकडे येतात. हा भाषण ठोकतो, "मोबाइलसारखी चार्ज करा, बाइकच्या जागेत लावा, डोक्यावर छप्पर. गरिबाला आणखी काय पाहिजे?" चौघांनी तर अशाच गाडीसाठी नावंही नोंदवली.

मी म्हटलं, "भाऊ, लग्नाला जायचं तर बाकीच्यांनी टपावर बसायचं का?" म्हणतो कसा, "बाकीचे बसनं येतील, वहिनी." ऐका! जुन्या व्हॅनमध्ये आठजण कोंबून आम्ही नंदुरबारपर्यंतची लग्नं गाठली. नववी धाकटी जाऊ, याची बायको. ती म्हणायची, "तुम्ही जा, मी घर सांभाळते," आणि आम्ही निघायचो.

पूजेच्या दिवशीही माझा राग उतरला नव्हता. धाकटीनं गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नव्या गाडीत आधी थोरलं माणूस बसतं, म्हणून मी दार उघडून बसले. दीर स्टीअरिंग धरून घराच्या दाराकडे बघत बसला. "चल की रे!" मी ओरडले. त्यानं कतारगामपर्यंत फिरवून आणलं. एरवी रस्त्यातल्या रिक्षावाल्यालाही थांबवून गाडीचे गुण सांगणारा माणूस, पण त्या दिवशी तोंडातून शब्द नाही.

परत आलो तर धाकटी दारातच उभी. नवी साडी, गजरा, हातात पर्स. घरच्या पूजेला पर्स कशाला? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी दिरावर आणखीच भडकले.

"तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं नाही?"

"थोरल्यांना उठा कसं म्हणू, वहिनी?"

मी उतरले. धाकटीला म्हटलं, "बस."

"जाऊबाई, स्वयंपाक..."

"मी करते. बस म्हटलं ना!"

गाडी बोळातून वळली. मागच्या काचेत दोनच डोकी दिसत होती. भाकरी थापताना मी आठवून पाहिलं, आमचे मालक हयात असताना आम्ही दोघंच कुठं गेलो होतो. एक दवाखाना आठवला. दुसरं काही आठवेना. तव्यावरची भाकरी करपली.