जपानी गाण्याचे अहिराणी बोल

आम्ही सुरतेत, उधन्याला राहायचो. घरामागच्या खाडीचं पाणी कधी गुलाबी, कधी मोरपंखी, कधी शाईसारखं निळं असायचं. कापड रंगवणाऱ्या मिलमधून जो रंग सुटेल तो घेऊन ते वाहायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांना पाणी असंच असतं. दुपारी माय दाराशी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. गल्लीतल्या मागांची खटखट चालू असायची, आणि त्या खटखटीत मला छान झोप लागायची. माग बंद पडले की जाग यायची.

आबा, म्हणजे माझे वडील, कामरेजच्या रस्त्यावर एका कारखान्यात फिटर होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा तिथे जपानहून नवे माग आले. त्यांत धोटा नव्हता, पाण्याचा झोतच धागा पलीकडे घेऊन जायचा. ते बसवायला एक जपानी इंजिनियर आला. हॉटेलातल्या तिखटाने तो आजारी पडला, तेव्हा आबांनी मायला सांगितलं की याच्यासाठी काहीतरी साधं करून दे. मग माय रोज त्याचा डबा भरायची. मोकळा भात, नुसत्या हळदीचं वरण आणि दही. ‘लहान पोऱ्यासारखं जेवस बिचारा,’ असं आमच्या अहिराणीत म्हणायची. त्याला तिने कधी पाहिलं नाही.

जाताना त्याने आपल्या छोट्या टेपमधली कॅसेट काढून आबांच्या हातात ठेवली. वरती लिहिलेलं आम्हाला कोणालाच वाचता येणार नव्हतं.

त्या कॅसेटवरच्या पहिल्याच गाण्याने मला धरलं. सुरुवातीला स्टीलच्या पातेल्यात नळाचे थेंब पडावेत तसे काही सूर. मग एक यंत्राचा ठेका, न थकणारा, न चुकणारा. आणि त्याच्यावरून एका बाईचा आवाज तरंगत यायचा. ती झोपेतच गाते आहे असं वाटायचं. तिला कसलंही दुःख नाही आणि फार आनंदही नाही. खिडकीपाशी बसून ती कुठेतरी लांब बघते आहे एवढं कळायचं. एक अक्षरही समजत नव्हतं आणि तरी मी डोळे मिटले की पुढे निळा, ओला रस्ता दिसायचा आणि रस्त्यावर कुणीच नसायचं. आमच्या गल्लीत कुणीच नसलेला रस्ता मी कधी पाहिला नव्हता.

मायला ते गाणं आवडायचं नाही. डास गुणगुणल्यासारखं वाटतं म्हणायची. आबांना मात्र त्याचा ठेका पसंत होता. नवा माग नीट बसला की असाच चालतो, एवढंच ते म्हणाले.

कॉलेजात माझी एक मैत्रीण होती. तिचे वडील बँकेत अधिकारी, सातारा भागातून बदली होऊन आलेले. घर तापीपलीकडे अडाजणला. तिच्याकडे कॅसिओ होता आणि लहानपणापासून ती गाणंही शिकत होती. मी कॅसेट घेऊन तिच्याकडे गेले. तिने एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि हळूच सूर शोधायला लागली.

“अगं, हा तर भूप आहे,” ती म्हणाली. “थांब. नाही. मध्येच एक निषाद डोकावतोय. भूपात तो चालत नाही, पण इथे किती गोड लागतोय बघ.”

मला भूपही माहीत नव्हता आणि निषादही. पण त्या दिवसापासून रविवारच्या दुपारी आम्ही दोघी ते गाणं बसवायला लागलो. तिच्या कॅसिओवर ठेक्यांची बटणं होती. एक लग्नाच्या बँडसारखं वाजायचं, एक फारच हळू होतं, शेवटी मागासारखं चालणारं एक सापडलं. थेंबांसाठी तिने घंटीचा आवाज निवडला. बोलांचं काय करायचं? मी कॅसेट थांबवून थांबवून ऐकायचे आणि कानावर जे पडेल ते तसंच म्हणायचे. अर्थ नसलेले शब्द तोंडात गोळीसारखे घोळवत मी बसने घरी यायचे. तापीच्या पुलावर बस आली की वारा लागायचा, आणि मला ती बाई ह्याच नदीकडे बघत असल्यासारखं वाटायचं.

पण गाणं जमत नव्हतं. सूर बरोबर, ठेका बरोबर, तरी दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटायचं. मैत्रिणीलाही ते कळत होतं. ती म्हणायची, आपण चुकत नाही आहोत, पण आपण गातही नाही आहोत.

मग चौऱ्याण्णवचा तो सप्टेंबर आला. गणपतींचं विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी नळावर बायका कुजबुजत होत्या, आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीच्या तोंडी एकच शब्द होता, प्लेग. माग बंद पडले. तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कारखान्याला कुलूप लागलं आणि आबा म्हणाले, गावाकडे जाऊ. हाती लागेल ते घेऊन आम्ही भुसावळच्या गाडीत शिरलो. माणसं छपरावरही होती. टेपरेकॉर्डर घरी राहिला, आणि कॅसेट त्याच्यातच. मैत्रिणीचे वडील बँकेमुळे शहरातच थांबले. तिला भेटायलाही झालं नाही.

आमचं गाव नंदुरबारच्या पुढे. वेशीपाशी काका उभा होता. तो पुढे आला नाही. लांबूनच त्याने हात जोडले आणि गाव घाबरलंय, काही दिवस मळ्यातल्या झोपडीत राहा, असं सांगितलं. त्याला रडू येत होतं. आबांनी पिशव्या उचलल्या आणि मळ्याची वाट धरली. वाटेत मिळालेल्या प्लेगवरच्या गोळ्या घेत आम्ही तिघं मळ्यात राहिलो. काकू सकाळ-संध्याकाळ बांधावर भाकरी ठेवून, हाक मारून निघून जायची.

ते दिवस आठवले की मला आजही झोपेतून उठल्यासारखं वाटतं. चहूकडे कापूस फुलात आलेला. सकाळी पिवळं असलेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी व्हायचं. आबा आयुष्यात पहिल्यांदाच दिवसा झोपत होते. आमच्यापैकी कुणाला ताप येतो का, याची रोज भीती असायची आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. पाटाचं पाणी झोपडीजवळून वाहायचं, स्वच्छ, रंग नसलेलं. मी त्याच्याकाठी बसून ते जपानी गाणं गुणगुणायचे, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

एका दुपारी माय येऊन शेजारी बसली. हातात टिकल्या नाहीत म्हणून तिचे हात मांडीवर नुसतेच पडले होते.

“ह्या गानाले बोल नहीत का?” तिने विचारलं.

“हा, शेतस ना. जपानी शेतस.”

“तुले समजतस?”

मी मानेनेच नाही म्हटलं. तिने पाटाच्या पाण्यात बोटं बुडवली.

“मंग मी सांगस बोल,” ती म्हणाली आणि तिने गायलाच सुरुवात केली. डासासारखं वाटणारं ते गाणं तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं.

पानी पानी वाहे माय, पानी कोठे जास?
सुरतना रस्तावर कोन वाट देखस?

मायला गाता येतं हे मला ठाऊक होतं, हळदीला ती गायची. पण ही चाल तिच्या तोंडी अशी बसली की कॅसेटवरच्या बाईचा चेहरा मला पहिल्यांदा दिसला, आणि तो मायसारखा होता. पुढचे काही दिवस आम्ही दोघी तेच करत होतो. ती एक ओळ सांगायची, मी म्हणायचे, मग ती बदलायची. आबा झोपेतून उठले की पत्र्याच्या बादलीवर बोटांनी मागाचा ठेका धरायचे. एकदा बांधावर भाकरी ठेवायला आलेली काकू तशीच थांबली, खाली बसली आणि पूर्ण गाणं ऐकून गेली. दुसऱ्या दिवशी काका आम्हाला घरी न्यायला आला.

दिवाळीच्या आधी आम्ही सुरतेला परतलो. मैत्रीण आणि तिच्या घरचे सुखरूप होते. मी तिला मायचं गाणं म्हणून दाखवलं. तिने कॅसेट लावली आणि दोन्ही ताडून बघितलं.

“चाल बदलली तुम्ही,” ती म्हणाली. “तिसरी ओळ फार लवकर खाली येते. ओवीसारखी.”

मी म्हटलं, मग दुरुस्त करू. तिने घंटीचे थेंब वाजवले, ठेक्याचं बटण दाबलं आणि मला गायची खूण केली. आम्ही एकदाही न थांबता शेवटपर्यंत गेलो. ती कॅसिओवरचे हात न काढता म्हणाली, “राहू दे. असंच राहू दे.”

पुढच्या वर्षी आमच्या भागातल्या गणपतीत आम्ही ते गायलो. निवेदकाने जपानी गाणं अशी ओळख करून दिल्यावर लोक हसायला लागले. थेंब सुरू झाले तेव्हाही हसू चालूच होतं. पण पहिली ओळ आली आणि मांडव शांत झाला. समोर बसलेली बहुतेक माणसं मागांवर काम करणारी, खान्देशातून आलेली, वर्षापूर्वी आमच्यासारखीच खच्चून भरलेल्या गाड्यांतून पळालेली होती. लाउडस्पीकरवरून आपली घरची बोली ऐकायची कुणाला सवय नव्हती. गाणं संपलं. मग मागून कुणीतरी पुन्हा म्हणा असं सांगितलं. आम्ही पुन्हा म्हटलं, आणि या वेळी खाली बसलेली माय पदर तोंडाशी धरून आमच्याबरोबर गात होती. तिच्या आजूबाजूच्या बायकाही दुसऱ्या कडव्यापर्यंत तिच्यात मिसळल्या.

घरी जाताना मी तिला विचारलं, कसं झालं. ती जरा विचार करून म्हणाली, “मधली ओळ घाईमा म्हनी तू.” मग वाटभर तिने माझा हात सोडला नाही.

माझं लग्न होऊन मी सुरतेतच, तापीपलीकडे कोसाडला गेले. मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. बऱ्याच वर्षांनी एकदा कोसाडच्याच एका घरी हळदीला गेले होते. ओळखीचं फार कुणी नव्हतं म्हणून कडेला बसले. नवरीला हळद लावता लावता बायका गायला लागल्या आणि पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला. पानी पानी वाहे माय. ना कॅसिओ, ना यंत्राचा ठेका. नुसत्या टाळ्या आणि बांगड्या. निषाद मात्र जागच्या जागी डोकावत होता.

शेजारच्या बाईंना मी विचारलं, हे गाणं कुठलं. त्या म्हणाल्या, तळोद्याकडचं आहे, फार जुनं, त्यांच्या सासूबाईसुद्धा गायच्या. तेवढ्यात त्या बाईंनीच एक कडवं घेतलं जे मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात पाणी समुद्राला मिळतं आणि पलीकडच्या तीरावर एक बाई ते ओंजळीत घेऊन मायला निरोप धाडते.

गाणं संपेपर्यंत मी थांबले आणि त्यांना ते कडवं पुन्हा म्हणायला सांगितलं. माझ्या हाताला हळद लावत, एकेक शब्द सावकाश सोडत, त्यांनी मला ते शिकवलं.