माणसाचा रकाना

मे १९५८, रविवार दुपार. अमरावती, आमचं भाड्याचं घर. हजर: वडील, आई, ताई, चांदूर बाजारहून आलेले थोरले काका आणि मी. ज्याच्याबद्दल बोलणं होणार होतं, तो बडनेऱ्याचा रेल्वेतला मुलगा हजर नव्हता. त्याला बोलावलंच नव्हतं.

वडील मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवत. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. देवाने जीवांच्या मोजक्या मूळ जाती घडवल्या आणि पुढची सगळी विविधता त्यांच्या आतच फुटली, असं वडील ठामपणे मानत. त्या मूळ जातींचा तक्ता ते शाळेसाठी करत होते. कसोटी सोपी होती: ज्यांचा संकर होतो, निदान ज्यांचं एकमेकांवर कलम जगतं, ते एका जातीचे. घोडा आणि गाढवाला खेचर होतं, म्हणून दोघं एका रकान्यात. शेंदूरजनाघाटला जंबुरी या आंबट लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, म्हणून ती दोन्ही एकत्र. वांगं आणि टमाटरही एकाच रकान्यात पाहून आई म्हणाली होती, "मंग दोन भाज्या काहून करू मी?" वडील खूप हसले होते. असल्या प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तरं असत. चिठ्ठ्या कापून चिकटवायचं काम माझं.

त्या दुपारी तक्ता जमिनीवर वाळत पडला होता. ताईला त्या मुलाशी लग्न करायचं होतं. तो आमच्याच चर्चमधला, नोकरी पक्की. अडचण एकच: ख्रिस्ती होण्यापूर्वी आमचे आजोबा कुणबी होते आणि त्याचे गावकुसाबाहेर राहणारे. वडील होकाराच्या काठावर होते. तेवढ्यात काकांनी तक्त्याचं शीर्षक मोठ्यानं वाचलं, ‘देवाने निर्माण केलेल्या जाती’.

"घ्या! मास्तर, तूच लिवलं, जाती देवानं केल्या. मंग त्या मोडणारा तू कोन?"

"दादा, ही जात येगळी. जनावराची, झाडाची."

"शब्द तर तोच हाय ना, लेका!"

ताई उठली आणि तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाबा, इथं एकच नाव हाय. माणूस. तुमीच लिवलं."

"घोडी न् गाढव बी एकाच रकान्यात हायेत," काका म्हणाले. "लावा लगीन. खेचर होईन. पुढं वंश नाई."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. आम्ही वडिलांकडे पाहत होतो. कसोटी त्यांची, अक्षर त्यांचं. त्यांनी फक्त तो शेवटचा रकाना वाचून दाखवायचा होता.

"तक्ता शाळेसाठी हाय, बेटा," ते ताईला म्हणाले. "घरातलं मंग पाहू."

ते पाहणं झालं नाही. मुलानं दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि भुसावळला बदली मागून घेतली. ताई अकोल्याला मुलींच्या शाळेत लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. लग्न केलं नाही. नाताळला घरी यायची, सगळ्यांना वाढायची. वडिलांशी मात्र कामापुरतंच बोलायची.

काही वर्षांनी वडिलांनी तक्ता नव्यानं लिहिला. ‘जात’ हा शब्द त्यात कुठंच नव्हता, सगळीकडे ‘प्रकार’.

"तिले सांग," ते मला म्हणाले. "म्हणावं, शब्द चुकला होता."

"शब्दच चुकला होता, बाबा? तुमीच सांगा ना तिले."

"मले नाई जमत."

१९६६च्या हिवाळ्यात ते गेले. निरोप माझ्याकडे राहिला.

दर वेळी अकोल्याला जाण्याच्या आदल्या दिवशी मी काय न्यायचं, काय बोलायचं ते कागदावर मांडते. तुरीची डाळ, लोणचं, तिच्या चष्म्याची काडी, घराच्या कराचं बोलणं. ही कामं होतात. शब्द बदलला एवढंच सांगितलं तर ते ताईला अपुरं पडेल. आणि वडील जे बोलले नाहीत, ते त्यांच्या नावावर मी कसं सांगू? ताईला सांगायचं अजून राहिलंच आहे.